वारुळात गेलेलं पातेलं

हार्लनला आपल्या डोक्याचा भारी अभिमान होता, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

परसात लाल मुंग्यांची वारुळं उठली की लुईझियानातला शहाणा माणूस औषध टाकतो आणि गुमान घरात जातो. हार्लनने मात्र यंदा मुंग्यांनाच कामाला लावायचं ठरवलं. वितळलेलं अॅल्युमिनियम वारुळाच्या तोंडात ओतायचं आणि थंड झालं की खणून काढायचं! मुंग्यांच्या साऱ्या वाटा, साऱ्या खोल्या धातूत उतरतात. असलं शिल्प तो सासूबाईंना ऐंशीव्या वाढदिवसाला देणार होता.

सासूबाईंना सगळा गाव मिस ऑरेली म्हणे. बावीस वर्षांत त्यांनी जावयाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. पाहुण्यांना सांगायच्या, "हा आमच्या ओडीलचा टेक्सासवाला." बस्स. मरण्यापूर्वी या बाईच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायचं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा होती.

वाढदिवसाच्या सकाळी त्याने भट्टी पेटवली. बिअरच्या डब्यांतून धातू कमी आणि मळीच जास्त निघाली. हार्लन रडकुंडीला आला. तेवढ्यात गॅरेजच्या कोपऱ्यात एक पातेलं दिसलं. काळंकुट्ट, पोचे आलेलं, एक कान तुटलेला. पण जाड ओतीव अॅल्युमिनियमचं! देव पावला म्हणत त्याने घणाने तुकडे केले आणि मुशीत टाकले. ओतताना मुंग्यांनी त्याच्या घोट्यांची चाळण केली, पण शिल्प असं उतरलं की तो चावे विसरला.

दुपारी चाळीस माणसं जमली. मिस ऑरेलींनी शिल्प मांडीवर घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं.

"हात चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या.

हार्लनचे डोळे भरून आले. आता नाव घेणार, आता घेणार, म्हणून तो कान टवकारून उभा राहिला. तेवढ्यात गॅरेजच्या दारातून ओडील, त्याची बायको, बाहेर आली.

"अहो, आजीचं पातेलं कुठंय? गंबोसाठी काल मी इथंच आणून ठेवलं होतं."

हार्लनच्या पायाखालची जमीन सरकली. गंबो म्हणजे भेंडी-कोळंबीचा दाट रस्सा; तो या घराण्यात तीन पिढ्या त्याच पातेल्यात शिजत आला होता, आणि त्याला घासणी लावायची कुणाची छाती नव्हती. त्या काळेपणातच चव असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. टेक्सासवाल्याला मात्र नव्हतं. चोर आले होते असं सांगावं का, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण मेली नजर! ती थेट सासूबाईंच्या मांडीवर जाऊन थांबली. तिच्यामागोमाग चाळीस जणांच्या नजरा तिथंच गेल्या.

मिस ऑरेलींनी शिल्पावरून एकदा बोट फिरवलं. मग शांतपणे त्यांनी विचारलं, "यात मुंग्या किती मेल्या?"

"लाखभर असतील, मॅम."

"आणि तू कसा वाचलास?"

गंबो शेजाऱ्यांच्या चकचकीत भांड्यात झाला. मयताचं जेवण जेवावं तसे सगळे खाली मान घालून जेवले.

शिल्प मात्र मिस ऑरेलींनी घरी नेलं आणि बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवलं. पाहुणा आला की त्याला हाताला धरून तिथं नेतात आणि सांगतात, "हे माझ्या आईचं पातेलं. आणि हे वितळवणारा, हार्लन वेस्ली प्रुइट."

मधलं नावसुद्धा गाळत नाहीत.