रेडकर आणि रंगीत माणसं

रेडकरकाकांकडे सिनेमा बघायला जायचं तर दारातच मोबाइल काढून द्यावा लागे. ते तो तांदळाच्या डब्यात टाकत, झाकण घट्ट लावत आणि डबा फ्रिजवर ठेवून देत. मग झडती. एकदा आमच्या ह्यांच्या खिशात शेंगदाणे सापडले. "हे वाजतात," म्हणत काकांनी ते गॅलरीतून खाली फेकले.

सिनेमा दर वेळी तोच. परदेशी, काळा-पांढरा, फार जुना. नाव सांगत नसत. "नाव कळलं की भाजी निवडता निवडता मोबाइलवर बघाल." चंदनसारच्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, आमच्या समोरच, हा बिनलग्नाचा, विमा कंपनीतून निवृत्त झालेला मालवणी माणूस एकटा राहतो. टीव्हीतला रंग त्यांनी कायमचा काढून टाकलाय. क्रिकेटचे दोन्ही संघ त्यांच्याकडे सारखेच दिसतात. कोणाचा राग आला की शिवी एकच, "रंगीत माणूस!"

गोष्ट साधी होती. नवीन लग्न झालेली बाई मोठ्या घरात येते. तिला कोणीतरी लहानपणीच्या नावाने हाक मारतंय असं ऐकू येतं. घरात दुसऱ्या कोणालाच ते ऐकू येत नाही. शेवटी तिला खोलीत कोंडतात आणि आतून ती त्या हाकेला 'ओ' देते. संपलं.

काका मात्र त्यातल्या नटनट्यांबद्दल शेजाऱ्यांसारखं बोलत. "बघा, आता आमची बाई केस विंचरताना थांबेल. ओरडणार नाही. दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. ही फक्त कंगवा खाली ठेवते. कंगवा ठेवण्यात भीती असते, हे हिने दाखवलं." नवऱ्याचं काम करणाऱ्यावर त्यांचा खास राग. "ह्याच्याइतका वाईट माणूस पडद्यावर झाला नाही. करतो काय? चहा ओततो. 'बरं वाटतंय का?' विचारतो. सभ्यपणाने मारतो मेला." आणि दारामागे उभी राहणारी नणंद, जिला सबंध सिनेमात जेमतेम दोन वाक्यं. तिच्यावर प्रकाश पडला की काका हात वर करून आम्हाला गप्प करत. गप्पच असायचो तरी.

शेवटी तोंडी परीक्षा. "भूत कुठे होतं?"

आमचे हे म्हणाले, "माळ्यावर."

ह्यांना मोबाइल परत मिळाला, तांदळासकट, आणि घरात प्रवेश कायमचा बंद झाला. हळूहळू इमारतीत सगळेच टाळू लागले. 'भुताचा म्हातारा' हे नाव पडलं. त्यांना ते कळलं होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या संध्याला बाळ झालं आणि काही आठवड्यांनी ती बिघडली. झोपेना, जेवेना, बाळाला जवळ घेईना. बाथरूमच्या जाळीतून कोणी बोलावतंय म्हणायची. तिची सासू इथलीच, भातशेतीवाल्या गावातली. मला जिन्यात म्हणाली, "कोनी तरी हाक मारतंय म्हनते गो. बाहेरचं लागलंय." ती बाई घाबरली होती, तिला मी दोष देत नाही. पण नवरा नीलेश कॉम्प्युटर इंजिनीअर. भगताला त्यानेच फोन करून बोलावलं.

मी हे काकांना सांगितलं. गप्पा म्हणून सांगितलं होतं. ते बनियनवरच खाली उतरले. मी मागोमाग.

आत मिरच्यांची धुरी पेटवायची तयारी चालली होती. भगत पाटावर बसलेला. काका सरळ आत गेले आणि संध्याच्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून फरशीवर बसले.

"काका, हे आमचं घरचं आहे," नीलेश म्हणाला.

"घरचंच आहे रे. म्हणून तर बाहेरचं म्हणतोस."

"उठा, नाहीतर उचलून बाहेर ठेवीन."

"भूत खंय आसा ता माका दाखव. मगे उठतंय."

नीलेशने त्यांना खरंच ओढलं. बनियन फाटलं, चष्मा पडला. काका दाराच्या कडीला धरून राहिले आणि एकदम प्रमाण मराठीत, शांतपणे म्हणाले, "माझ्या थोरल्या बहिणीला अशीच धुरी दिली. आत कोंडून. बाहेरून दार मी धरलं होतं. वडिलांनी सांगितलं म्हणून. ती आतून माझंच नाव घेत होती."

नीलेशने हात सोडला. भगत मात्र व्यवहारी निघाला. "म्हातारा इथंच गेला तर माझ्या गळ्यात येईल," म्हणत त्याने पिशवी आवरली.

संध्याच्या भावाला मी फोन केला. तो कळंबहून आला आणि आम्ही तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपणानंतर असं होतं, डॉक्टर म्हणाल्या, औषधाने बरं होतं. तसं झालंही. काही महिने माहेरी राहून, बाळाला कडेवर घेऊन ती परत आली.

आभार कोणी मानले नाहीत. उलट दुसऱ्याच्या घरात घुसल्याबद्दल सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांना लेखी समज दिली. नीलेशने ती सभ्यपणे वाचून दाखवली.

एकदा मी विचारलं, "बहिणीचं पुढे काय झालं?"

"जगली. पडवीत बसायची. कोणाशी बोलली नाही. राखी बांधायची मला, भिंतीकडे तोंड करून." मग म्हणाले, "ती गेल्यावर मुंबईत तो सिनेमा बघितला. भुताचा म्हणून गेलो होतो, मजा बघायला. बाहेर आलो आणि फुटपाथवर बसून राहिलो."

गेल्या आठवड्यात बाजारातून येताना काका खाली भेटले. लिफ्ट उघडीच होती, आत संध्या, कडेवर मूल. काकांना बघताच तिने मान फिरवली. तिचे ते दिवस माहीत असलेला माणूस तिला नको असणार. मला राग आला. पण काका म्हणाले, "गुडघे आखडलेत, जरा चालतो," आणि माझ्या हातातलीही एक पिशवी घेऊन जिन्याकडे वळले. लिफ्टचं दार बंद झालं. पहिल्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले, दम खात.

"रोज जिन्यानेच जाता?" मी विचारलं.

"ती घरात असली की लिफ्ट. तिच्या बाहेर पडायच्या वेळेला जिना," ते म्हणाले. "बाळसं धरलंय पोरानं, बघितलंत?"