ढवळू आणि गेरूची डबी

एका जंगलात एक तांबडी टेकडी होती. जंगल कुठलं ते विचारू नका, मुलांनो. मला आठवत असतं तर आधी तेच सांगितलं असतं. टेकडी मात्र मला स्वच्छ दिसते. तिच्या एका अंगाला लालभडक गेरू होता. दुसऱ्या अंगाला शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची पांढरी रेघ होती. खाली ओढ्याकाठी अभ्रक चमकायचं.

जंगलातले प्राणी या सगळ्याला मिळून एकच नाव द्यायचे. माती.

गव्याला गोमाश्या चावल्या की तो मातीत लोळायचा. रानकोंबड्या पंख फुलवून तिच्यात अंघोळ करायच्या. झालं की अंग झटकून सगळे आपापल्या वाटेनं जायचे. झटकलेली माती पुन्हा टेकडीवरच पडायची. बरं चाललं होतं. पण बरं चाललंय हे कुणाला कळत नव्हतं, कारण तसं कुणी सांगितलं नव्हतं.

त्या टेकडीच्या पायथ्याला भागी नावाची रानडुकरीण राहायची. तिला एक पिल्लू होतं. रानडुकराची पिल्लं तपकिरी असतात, पाठीवर पट्टे असतात. हे मात्र पांढरं झालं. साधं पांढरं नाही, बोंडातून कापूस फुटावा तसं पांढरं. भागीनं त्याचं नाव ठेवलं ढवळू.

आता पांढरं असणं काही वाईट नाही. पण समोरच्या कड्यावर एक बिबट्या राहायचा, आणि त्याची नजर चांगली होती.

म्हणून भागी रोज सकाळी ढवळूला टेकडीवर न्यायची. नाकाडानं गेरू उकरायची आणि त्याच्या अंगाला चोपडायची. पाठीला, पोटाला, कानांच्या मागं, शेपटीच्या टोकालासुद्धा.

"आई, दिसतो का मी?" ढवळू विचारायचा.

"नाही दिसत."

"मग तू बोलतेस कुणाशी?"

"मातीशी. चल, उभा राहा नीट."

एवढं झालं की ढवळू दिवसभर हुंदडायला मोकळा. उन्हानं त्याची कातडी भाजायची नाही, आणि कड्यावरून पाहणाऱ्याला वाटायचं, टेकडीचंच एक ढेकूळ घरंगळतंय.

मग शेकरूबाई आल्या.

शेकरू माहीत आहे ना? मोठी खार, झुपकेदार शेपटी, झाडाच्या शेंड्यावर घर. एका घरट्यानं तिचं भागत नाही, म्हणून ती बरीच बांधून ठेवते. या शेकरूबाई काही दिवस जंगलाबाहेर एका बंगल्याच्या आंब्यावर राहून आल्या होत्या. खिडकीतून त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं, आणि जे दिसलं नाही तेही त्यांना आता माहीत होतं.

एके दिवशी त्यांनी गालाला थोडा गेरू लावला, पापण्यांना अभ्रक लावलं आणि ओढ्यात वाकून पाहिलं.

"ही माती नाही," त्या म्हणाल्या. "याला खनिज शृंगार म्हणतात."

"अगंबाई!" वानरमावशी म्हणाली. "आणि आम्ही इतके दिवस यावर पाय देऊन चालतोय!"

त्या दिवशी जंगलातली माती संपली. टेकडी होती तिथंच होती, पण माती संपली.

जो तो शृंगार गोळा करायला लागला. गोगलगाईचे रिकामे शंख घ्यायचे, त्यांत रंग भरायचा आणि तोंडाला डिंक लावून पान चिकटवायचं. अशा शंखाला डबी म्हणायचं, असं शेकरूबाईंनी सांगितलं. प्रत्येक डबीला नावही हवं. एकीचं नाव 'लाजरी सांज', एकीचं 'पळसाची धाकटी', एकीचं 'पहिलं ऊन'. सगळा माल एकाच खड्ड्यातला. खड्डा हातभर खोल गेला की नाव बदलायचं.

ठेवण्याचेही नियम होते. डबी उन्हात ठेवू नये, रंग उडतो. ओलीत ठेवू नये, गोळे होतात. आणि चेहऱ्यापासून तर फारच लांब ठेवावी, कारण चेहऱ्याला घाम येतो.

वानरमावशीनं शंखजिऱ्याच्या डब्यांची एक फांदीच भरून टाकली. तिचं तोंड जन्माचं काळं. एकदा गव्यानं तिला साधेपणानं विचारलं, "मावशी, हे तुम्ही लावणार कुठं?"

"लावायचं कशाला?" मावशी म्हणाली. "मला ते शोभतच नाही. म्हणून तर अजून भरलेलं आहे."

गवा शहाणा झाला. घरी जाऊन त्यानंही एक डबी भरली. मग गोमाश्या चावल्या की तो डबीकडे बघायचा.

डब्या झाल्या, आता कुणाची चांगली हे ठरवायला कुणीतरी हवं. डबी उघडून बघायची सोय नव्हती. पान काढलं की डबी वापरलेली झाली, आणि वापरलेल्या डबीला कोण विचारतो? तेव्हा शेकरूबाईंनी वाघूळआबांना बोलावलं. आबांना डोळ्यांनी बेताचं दिसायचं. कान मात्र असे की पलीकडच्या झाडावर डास वळला तरी कळायचा. आबा फांदीला उलटे लटकायचे, डबी कानाशी धरून हलवायचे आणि डोळे मिटायचे.

खर्र खर्र वाजली तर म्हणायचे, "जाडंभरडं." सुर्र वाजली तर, "बरं आहे." आणि अगदी बारीक फुस्स झालं तर म्हणायचे, "उत्तम. जितका बारीक, तितका आवाज कमी. जातिवंत शृंगार बोलत नाही."

ते ऐकून सगळे डबी आणखी जपून ठेवायला लागले.

इकडे गेरूचा खड्डा रिकामा झाला. खाली नुसता काळा खडक लागला. एका सकाळी भागी ढवळूला घेऊन गेली, तर उकरायला काही नाही. तिनं नाकाड खडकावर घासून घासून सोलून घेतलं. मग ओढ्याचा काळा चिखल आणून फासला, तर तो वाळला आणि पापुद्र्यांनी गळून पडला. आत पांढरा ढवळू.

"आई, दिसतो का मी?"

भागीनं मान वर करून पाहिलं. समोरच्या कड्यावर बिबट्या उठून बसला होता. अंगाला आळोखेपिळोखे देऊन तो सावकाश उतरायला लागला. ऊन तापलं तसा तो मधेच एका कपारीत निजला. त्याला घाई नव्हती. पांढरं काही कुठं जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

भागीनं ढवळूला करवंदीच्या जाळीत दडवलं, ओढ्याकाठचा एक रिकामा शंख तोंडात धरला आणि शेकरूबाईंच्या झाडाखाली गेली.

"बाई, एवढ्यात मावेल इतका गेरू द्या. लेकराच्या अंगाला लावायचाय."

"लावायचाय?" शेकरूबाई वरून म्हणाल्या. "भागे, अंगाला लावायचं म्हणजे डबी फोडावी लागेल."

"हो, फोडावी लागेल."

"आणि मग ती डबी राहील का?"

"नाही राहणार."

"बघ, तुझं तुलाच पटलं," शेकरूबाई म्हणाल्या. पण मन कठोर नव्हतं त्यांचं. जाता जाता त्या म्हणाल्या, "संध्याकाळी आबा येतायत. सगळे जमतील. तिथं विचार कुणाला तरी."

संध्याकाळी वडाखाली सगळं जंगल जमलं. शेकरूबाईंनी आपल्या सगळ्या घरट्यांतल्या डब्या आणून ढीग घातला होता. भागी आपला शंख घेऊन आली. वाटेवर वानरमावशी उभी होती.

"उघडी डबी आत न्यायची नाही," मावशी म्हणाली.

"अगं, ही डबी नाही. गेरू मागून न्यायला आणलीय. रिकामी आहे."

"रिकामी का असेना. झाकून ने."

मावशीनंच डिंक दिला, पान दिलं. भागीनं मुकाट्यानं शंखाचं तोंड बंद केलं. तिला भांडायला वेळ नव्हता.

आत गेल्यावर ती आबांच्या फांदीखाली उभी राहिली आणि तोंड उघडून काही बोलणार, तोच आबांनी तिचा शंख उचलून कानाला लावला. हलवला. पुन्हा हलवला. डोळे मिटले.

"आबा," भागी म्हणाली, "त्यात काही नाही हो."

"ऐका," आबा हळूच म्हणाले. "केवढा विनय!"

मग त्यांनी डबी दुसऱ्या कानाला लावली. "इतकी वर्षं ऐकतोय. इतका बारीक शृंगार माझ्या कानांनी ऐकला नव्हता. आवाजच नाही!"

सगळे पुढं सरकले. गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेकरूबाईंची शेपटी थरथरायला लागली.

"भागे," त्या म्हणाल्या, "ही मला दे. या ढिगातल्या दोन ने. बऱ्यापैकी आहेत."

"बाई, पण ती रिकामी आहे."

"चार ने."

"खरंच सांगते. पोराची शपथ, आत काही नाही."

"बघा, किती ताणते!" वानरमावशी म्हणाली. "दिसते भोळी!"

"सगळा ढीग घे!" शेकरूबाई ओरडल्या. "तुला तिची किंमतच कळत नाही. तुझ्या घरी ती पडून खराब होईल."

भागीनं एकदा ढिगाकडं पाहिलं. एकदा कड्याकडं पाहिलं. कपार रिकामी होती.

"घ्या," ती म्हणाली.

जाळी जवळच होती. भागीनं डब्या तोंडानं, पायानं रेटत तिथं नेल्या. ढवळूला बाहेर काढलं आणि फोडायला सुरुवात केली. लाजरी सांज पाठीवर. पळसाची धाकटी पोटावर. पहिलं ऊन कानांच्या मागं आणि शेपटीला. ढवळू लाल झाला. तिनं त्याला टेकडीच्या लाल, दगडी दरडीशी टेकवून बसवलं आणि आपण समोर उभी राहिली.

बिबट्या झुडपातून बाहेर आला तेव्हा वडावरून वानरमावशीनं खाली पाहिलं. ती जीव खाऊन ओरडली. "खॉक! खॉक!" तिच्यामागून सगळी वानरं ओरडली.

मुलांनो, तुम्हाला ठाऊक असेल, बिबट्या दिसला की वानरं अशीच ओरडतात. पण त्या दिवशी बिबट्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"फासली! सगळी अंगाला फासली! अगं, लाजरी सांज डुकराच्या पाठीला!"

बिबट्या थबकला. आपण दिसलो असं त्याला वाटलं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. पांढरं कुठंच काही नव्हतं. एक दरड होती, दरडीपुढं सुळे परजून उभी असलेली एक डुकरीण होती, आणि एवढा गोंगाट होता. तो वळला आणि कडा चढून गेला.

मग दरडीतून आवाज आला.

"आई, दिसलो का मी?"

"नाही रे," भागी म्हणाली. मग ती खालीच बसली.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. बिबट्याचा विषय निघाला नाही. एवढा जमवलेला शृंगार एका सांजेत अंगाला लावून संपवला, असलं जनावर जंगलात नको, असं सगळ्यांचं मत पडलं. भागीला ओढ्यापलीकडं जायला सांगितलं.

ती गेली. ओढ्यापलीकडंही एक टेकडी होती, आणि तीही तांबडी होती. भागीनं नाकाडानं उकरून पाहिलं. "आई, याला काय म्हणतात?" ढवळूनं विचारलं. "माती," भागी म्हणाली. "आणि कुणी विचारलं तरी मातीच म्हणायचं."

इकडे शेकरूबाईंनी त्या एका डबीसाठी सगळ्यांत उंच फांदीवर नवं घरटं बांधलं. वाघूळआबा मधूनमधून येतात, डबी कानाला लावतात आणि म्हणतात, "अजून तसंच आहे. कणभर कमी झालं नाही." खाली गोमाश्यांनी बेजार झालेला गवा उभा असतो. तोही मान हलवतो.

तात्पर्य : चांगली वस्तू कधी वापरू नये, मुलांनो. वापरली की लेकरू तेवढं वाचतं, वस्तू मात्र जाते.