महेंद्रचे गप्पी मासे

राहत्या बिल्डिंगमधूनच डासांची तिसरी तक्रार गेली, तेव्हा महेंद्र शेजवळला घाम फुटला. डासांचा बंदोबस्त ही त्याचीच नोकरी. तो आरोग्य निरीक्षक. आणि कात्रपच्या त्या बिल्डिंगमधले डास त्याच्या ओळखीचे असल्यासारखे वागत होते.

"अजून एक तक्रार आली ना महेंद्र," डोंगरे साहेब थंडपणे म्हणाले, "तर तुझी ऑर्डर डम्पिंग ग्राउंडला. पंधरा दिवसांनी, सोमवारी मी स्वतः बघायला येतो."

महेंद्रचं नुकतंच ट्रेनिंग झालं होतं. कुठलाही रोग सुटा नसतो, एक दोरा ओढला की दहा हलतात, म्हणून नुसता धूर मारू नका, सगळं जोडून बघा, असं तिथल्या मॅडमनी बजावलं होतं. महेंद्रने कॅलेंडरच्या पाठीवर बाण काढले. नळ एक दिवसाआड, म्हणून प्रत्येक दारापुढे ड्रम; ड्रम उघडे, म्हणून अळ्या; अळ्या, म्हणून डास. झाकणं लावा म्हणून चार वर्षं हात जोडून झाले होते. लोक हो हो म्हणायचे आणि झाकणांवर पापड वाळत घालायचे. मग त्याने सरळ अळ्या खाणारे गप्पी मासे आणून ड्रमांत सोडले आणि साहेबांना तसं कळवून टाकलं.

"सगळं जोडून बघितलंत ना?" बायकोने, मायाने, विचारलं.

"सगळं."

"समोरच्या मालिनीकाकू पण?"

तक्रारी करायच्या त्या याच काकू. त्या दारातच उभ्या होत्या. "अरे, या पाण्याने मी देवांना आंघोळ घालते. त्यात मासळी सोडलीस?"

"जिवंत आहे काकू. कोण खातंय तिला?"

खाणारे दुसऱ्याच दिवशी आले. गल्लीतली यच्चयावत मांजरं जिन्यात मुक्कामाला आली आणि ड्रमाच्या काठावर बसून पाण्यात पंजे घालू लागली. मांजरांमागे कुत्री आली. कुत्र्याला घाबरून एक बोका काकूंच्या ड्रममध्ये पडला आणि बाहेर काढताना त्याने काकूंनाच ओचकारलं. महेंद्र त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात इंजेक्शनला घेऊन गेला. कॅलेंडरवर आता बाण काढायला जागा नव्हती.

"सोमवारी येऊ दे तुझ्या साहेबाला," काकू रिक्षात म्हणाल्या. "बोलतेच मी."

महेंद्रला डम्पिंग ग्राउंडचा वास तिथेच यायला लागला.

सोमवारी साहेब आले. प्रत्येक ड्रमवर झाकण होतं आणि झाकणावर वजन: कुठे पाटा, कुठे जुनी बॅटरी, काकूंकडे गव्हाचा डबा. साहेबांनी एकेक झाकण काढून टॉर्च मारला. अळी नाही. मासाही नाही.

"मासे कुठायत?"

महेंद्रने जिन्यात पोट भरून झोपलेल्या मांजरांकडे बघितलं. काकू हाताची पट्टी दाखवत पुढे आल्या.

"साहेब, माझी तक्रार आहे."

"डासांची?"

"डास कसले? एक नाही आठवडाभर. मांजरांची आहे."

"मग आमच्याकडे नाही, दुसऱ्या खात्याकडे करा," साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी महेंद्रच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुला. आमच्या सोसायटीत पण डासांनी जीव नकोसा केलाय. कधी आणतोस मासे?"

"उद्याच आणतो साहेब," महेंद्र म्हणाला. "फक्त एक सांगा. तुमच्याकडे मांजरं भरपूर आहेत ना?"