हात न लागलेली केबल

निर्णय तसा साधाच होता. बायकोची जुनी गाडी देऊन टाकायची आणि तिच्या जागी चांगलीशी सेकंडहँड गाडी घ्यायची. साध्या निर्णयांपासून देवानेच वाचवावं. मोठ्या निर्णयाच्या वेळी माणूस निदान बायकोला विचारतो तरी.

नवरा कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक कपाला लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारायची, कान लावून ऐकायचं आणि आवाज बद्द आला की कप बाजूला काढायचा, हे त्याचं काम. सवय अंगात इतकी मुरली होती, की तो टरबूज, दारं, कपाटं, सगळंच वाजवून बघायचा. (लग्न ठरवायला गेला तेव्हा त्याने चहाचा कप वाजवून सासऱ्यांना सांगितलं होतं, की याला तडा आहे. तडा होता. सासरे अजून तो विषय काढतात.) घरात आणि कारखान्यात सगळे त्याला तपासनीसच म्हणत, आणि याचा त्याला गुपचूप अभिमान होता.

बायको नर्स होती. घरोघरी जाऊन ती म्हाताऱ्या माणसांच्या जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. त्यासाठी तिच्याकडे एक लहानशी लाल गाडी होती. तिचं नाव चिमणी. दोघं या परक्या देशात आले, तेव्हा बायकोने पहिल्या कमाईतून ती घेतली होती. तिच्यावरच ती गाडी चालवायला शिकली. इथली भाषा धड येत नव्हती तेव्हा कोणी वेडंवाकडं बोललं, की ती चिमणीत बसून, काचा वर करून, पोटभर रडायची आणि मग डोळे पुसून पुढच्या पेशंटकडे जायची. डावीकडची काच तर हाताने धरूनच वर करावी लागे. तीही ती करायची.

"आता हिला पेन्शनीत काढू," तपासनीस एके दिवशी म्हणाला.

"चालतेय की चांगली."

"चालणं वेगळं, धावणं वेगळं."

"मला कुठं धावायचंय? माझे पेशंट पळून जात नाहीत."

पण तपासनीसाच्या डोक्यात प्लग-इन हायब्रीड शिरली होती. घरी प्लग लावून चार्ज करायची, जवळपास विजेवर फिरायचं, लांब जायचं तर पेट्रोल आहेच. त्याने ते बायकोला इतक्या रंगात येऊन समजावलं, की तिची भाजी खाली लागली.

"म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा," बायको कढई खरवडत म्हणाली. "उपाशी राहायचा."

तिने याहून जास्त विरोध केला नाही. नवरा एखाद्या गोष्टीवर इतका खूश क्वचितच व्हायचा, म्हणून ती गप्प बसली. तपासनीसाने त्याचा अर्थ होकार असा घेतला. (कपाचा आवाज ओळखणाऱ्या या माणसाला बायकोचा गप्पपणा लग्नानंतर इतक्या वर्षांनीही ओळखता येत नव्हता.)

जुन्या गाड्या विकणारा माणूस त्यांच्याच मुलखातला, मऊ बोलणारा होता. त्याच्या आवारात एक राखाडी हायब्रीड ऐटीत उभी होती. तपासनीसाने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. चारही दारं वाजवली. पायपुसणी उचलून खाली ओल आहे का, हे नाक लावून बघितलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले. टायर चाचपले, दोन्ही किल्ल्या लावून बघितल्या, गाडीतल्या पडद्यावरची भाषा बदलून बघितली आणि ती पुन्हा मूळची करताना घाम गाळला. गाडीवाला चहाचा कप धरून शांतपणे मागे मागे फिरत होता. तपासनीसाने तो कपही वाजवला.

"साहेब, एक सांगू?" गाडीवाला म्हणाला. "उद्या या. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवतो. पूर्ण भरल्यावर विजेवर किती जाते, ते चालवून बघा. हिच्यात बघायचं ते तेच."

नेमकी त्याच वेळी तपासनीसाने डिकी उघडली. आत चार्जिंगची केबल होती. कारखान्यातून निघालेल्या, चिकटपट्टी लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, जशीच्या तशी.

"हिला तर हातच लागलेला नाही," तो म्हणाला. त्याने पिशवी दोन्ही हातांनी उचलून धरली.

"नाहीच लागला. आधीच्या मालकाने ती कधी उघडलीच नाही."

"मग चार्ज करून काय बघायचंय? हात न लागलेला माल तो अस्सल माल. आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे."

गाडीवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तपासनीस व्यवहाराचं बोलायला लागला होता. बदल्यात चिमणी द्यायचं ठरलं. बायकोने किल्ली काढून दिली आणि क्षणभर चिमणीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. तपासनीस त्या वेळी हायब्रीडच्या डिकीचं झाकण वाजवून बघत होता.

घरी आल्यावर त्याने सत्यनारायणाच्या प्रसादाची पुडी सोडावी तशी ती पिशवी सोडली. रात्रभर गाडी चार्ज झाली. सकाळी दोघं विजेवर निघाले. गाडीचा आवाज म्हणून येत नव्हता. "बघ," तपासनीस म्हणाला, "कशी मांजरासारखी चाललीय." कोपऱ्यावरची बेकरी मागे पडली, शाळा मागे पडली आणि चढ सुरू होताच पुढून घर्रर्र झालं. वीज संपून इंजिन सुरू झालं होतं. पुढच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्याही. शाळेपलीकडे ती गाडी विजेवर कधी गेलीच नाही.

त्याने गाडीवाल्याला फोन केला. "आधीच्या मालकाला त्याच्या कंपनीकडून पेट्रोल फुकट होतं," गाडीवाला म्हणाला. "तो कशाला प्लग लावतोय? बॅटरी रिकामीच पडून राहिली. पडून राहिली की अशक्त होते. तेच सांगत होतो मी, चालवून बघा म्हणून. केबल वापरून झिजलेली असती, तर बरं होतं."

तपासनीसाला रात्रभर केबलच दिसत राहिली. ज्या गोष्टीवर तो भाळला होता, तीच गाडीतला तडा होती.

पण खरी शिक्षा पुढे होती. एके सकाळी गाडी सुरूच होईना. दारंही धड उघडेनात. बायकोची एक म्हातारी पेशंट पायाची जखम घेऊन दारात वाट बघत बसलेली असणार, आणि बायकोला बसने तिथे पोचायला दुपार होणार. बायको पिशवी खांद्याला लावून गाडीशेजारी उभी होती. काही बोलत नव्हती. आज मात्र तो गप्पपणा तपासनीसाला लख्ख ऐकू आला. बद्द वाजत होता. त्याला फार वाईट वाटलं.

फोन केल्यावर गाडीवाला मदतीला आला, तो चिमणीतून. चालवत होती त्याची मुलगी. नुकतीच शिकत होती, जीभ दातात धरून स्टिअरिंगला घट्ट बिलगली होती.

"मोठी बॅटरी भरलेली असली, तरी साधी छोटी बॅटरीच गाडी जागी करते," गाडीवाला चिमणीच्या बॅटरीपासून हायब्रीडला तारा जोडत म्हणाला. "तुमची छोटी म्हातारी झालीय. डिकी नीट लागली नव्हती, आतला दिवा जळत राहिला, बसली. एक नवी टाका."

चिमणीने दोन गचके दिले आणि हायब्रीड जागी झाली. बायको चिमणीच्या खिडकीशी गेली. "डावी काच हाताने धरून वर करायची हं," ती मुलीला म्हणाली. "ओढू नकोस तिला."

"माहितीय काकू. बाबा विकणार होते हिला, मी नाही विकू दिली."

चिमणी परत मागायची, असं तपासनीसाने फोन करतानाच मनाशी ठरवलं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. बायकोने त्याच्याकडे बघून हलकेच मानेने नको म्हटलं. त्या मुलीकडून गाडी काढून घेणं तिच्याच्याने होणार नव्हतं, आणि ते मागण्याचं तोंड त्याला उरलं नव्हतं. चिमणी गचके देत कोपऱ्यावरून वळली. बायको ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली आणि मग कामाला गेली.

छोटी बॅटरी आणायला तपासनीस त्याच संध्याकाळी निघाला होता. "बघू सावकाश," बायको म्हणाली. "काय घाई आहे?" आणि ते राहूनच गेलं.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. अधूनमधून गाडी बसायची. पण नेमकी बायकोच्या सुट्टीच्याच दिवशी. मग फोन, मग चिमणी, मग तारा. बायको मुलीला चहाला वर बोलवायची, खाली जाऊन चिमणीच्या काचा पुसायची आणि दिवसभर काहीतरी गुणगुणायची. तपासनीसाने गाडीची प्रत्येक वायर, प्रत्येक बिजागरी वाजवून बघितली. सुट्टीच्याच दिवशी का, हा तडा काही सापडेना.

एका संध्याकाळी तो खिडकीत उभा होता. दुसऱ्या दिवशी बायकोला सुट्टी होती. ती कचरा टाकायला खाली गेली, परत येताना हायब्रीडपाशी थांबली, इकडेतिकडे बघितलं, डिकी हळूच उघडली आणि पुरती न लावता, नुसती टेकवून ठेवली. फटीतून दिव्याची पिवळी रेघ दिसत होती.

तपासनीस खिडकीतून मागे सरकला आणि वर्तमानपत्र उलटं धरून बसला.

सकाळी गाडी बसलेली होती. त्याने बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडलं, इथे टिचकी मारली, तिथे कान लावला. डिकीकडे मात्र तो फिरकलाच नाही. मग त्याने गाडीवाल्याला फोन केला. उभ्या नोकरीत त्याने तडा गेलेला माल पहिल्यांदाच जाणूनबुजून पास केला होता.

बायको चहा घेऊन खाली आली. "बघितलंत सगळं?"

"सगळं."

"सापडलं काही?"

"काही नाही."

"मला वाटलंच," त्याच्या हातात कप देत ती म्हणाली. "तुम्हाला कधी काही सापडतं का?"