पंधरावा तळपाय

योगिनीला उद्या संध्याकाळच्या आत एक सपाट तळपाय हवा होता. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्पच तसा होता: सपाट पायांची पंधरा माणसं आणि नॉर्मल पायांची पंधरा माणसं यंत्रावर उभी करायची आणि तळव्यावर कुठे किती भार पडतो ते मोजायचं. दोन्हीकडे गाडं चौदावर अडलं होतं. नॉर्मल पाय काय, कुणीही सापडेल. सपाट आणायचा कुठून?

पाथर्डी फाट्याच्या त्यांच्या सोसायटीत त्या दिवशी भागुबाईंकडे सत्यनारायण होता. दाराबाहेर चाळीसेक जोड पडले होते. ते पाहून योगिनी प्रसाद विसरली आणि उकिडवी बसून एकेक चप्पल उचलून बघू लागली. बहुतेकांत टाच आणि चवडा तेवढा काळा पडलेला, मधली कमान कोरी. आणि मग एक चामडी जोड सापडला. टाचेपासून बोटांपर्यंत सगळा काळा, आतली कड झिजलेली. तिने तो चक्क छातीशी धरला.

"ठेव ते खाली," मागून आवाज आला. हातात प्रसादाचा द्रोण घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी सोमनाथराव उभे होते. "महिनाभर चपला जातायत इथून. आज सापडला चोर. बारकूला बोलवा रे."

वॉचमन बारकू रबरी स्लिपर फटफटवत आला. मागे निम्मा सत्यनारायण जमला.

"काका, चोरत नाहीये. बघतेय."

"चपलेत काय बघायचं असतं?"

"सपाट पायाचा भार मधेही पडतो. बाकीच्यांचा टाचेवर आणि चवड्यावर. ही कुणाची आहे?"

"माझी."

"म्हणजे तुमचा पाय सपाट. उद्या कॉलेजात याल, प्लीज?"

सोमनाथरावांना ते फार लागलं. "सपाट? पोलीस भरतीत डॉक्टरने शाबासकी दिली होती या पायांना." त्यांनी तांब्याभर पाणी पायांवर ओतलं आणि कोरड्या फरशीवर दणक्यात पाऊल टाकलं. टाच, चवडा, कडेला बारीकशी रेघ. कमान अगदी देखणी.

योगिनीला रडू यायचंच बाकी होतं. "मग ही चप्पल तुमची नाही, काका," ती म्हणाली. तिच्या मनात आरोप नव्हता, पंधरावा हातचा गेला म्हणून ती हिरमुसली होती. पण सगळ्यांनी आधी ठसा पाहिला, मग चप्पल पाहिली, मग सोमनाथरावांकडे पाहिलं.

"माझी हाय ती," बारकू हळूच म्हणाला. "मागल्या महिन्यात सोसायटीच्या भंडाऱ्यात जेवायला बसलो तवा गेली व्हती. अंगठ्याचा पांढरा टाका मीच घातलाय." त्याने स्लिपर काढली आणि सांडलेल्या पाण्यात पाय भिजवून कोरड्या फरशीवर ठेवला. ठसा भाकरीसारखा सलग उमटला.

"माझीही गेली होती त्या दिवशी," सोमनाथराव पुटपुटले. "म्हणून दिसली ती घातली." आणि ते अनवाणीच जिन्याकडे निघाले.

"काका, थांबा," योगिनी घाईने म्हणाली. "नॉर्मलमध्येही एक कमी आहे."

बारकूने आपल्या चपला पायात सरकवल्या. "तुम्ही नका काळजी करू, ताई," तो म्हणाला. "सायबांना उद्या मी घेऊन येतो."