पिवळ्या दिव्यावरचं सफरचंद

आमच्या गाडीला मी जितका ओळखतो, तितका तिला बनवणाराही ओळखत नसेल! डॅशबोर्डवरचा एक पिवळा दिवा आठवडाभर उगाच डोळे वटारत होता. दिव्यांचे लाड केले की ते डोक्यावर बसतात. मी सफरचंदावरचं गोल स्टिकर काढून त्याच्यावर चिकटवलं. दिवा गप्प!

त्याच गाडीतून धाकट्या बहिणीची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. आधी दोनदा नापास, आणि दोन्ही वेळा कारण एकच, वेग. दुसऱ्या वेळचे परीक्षक तर मधेच उतरून चालत ऑफिसला गेले होते. आता लायसन्स मिळालं नाही, तर लॅबचे नमुने पोचवायची नोकरी हातची जाणार होती. बिचारी सकाळपासून नुसत्या पाण्यावर होती.

"दादा, तू मागे बस ना. धीर येतो."

परीक्षकबाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "बसा. पण तोंड उघडलंत, तर परीक्षा तिथेच संपली!"

निघालो. चढ लागला आणि गाडी एकदम मलूल झाली. मला वाटलं, धाकटी घाबरून पायच दाबत नाहीये. वाकून पाहिलं, तर पाय चांगला दाबलेला! मग हँडब्रेक? तोही खाली. मग झालंय तरी काय? मी दोन सीटांच्या मधून मान घातली. बाईंनी ती एका बोटाने मागे ढकलली. प्रश्न पोटात मावेनात!

कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले. कुत्रं मात्र थांबून आमच्याकडे बघत राहिलं. त्यालाही माझ्यासारखंच कुतूहल असावं.

"मॅडम," धाकटी म्हणाली, "गाडी जोर धरत नाहीये. आणखी दाबून उपयोग नाही, इंजिनाचेच हाल. इथे चढावर थांबले तर मागचा येऊन आदळेल. चारी इंडिकेटर लावते, कडेकडेने नेते, वर रुंद जागा आली की थांबवते."

मागे हॉर्नचा नुसता कल्ला! एरवी हिने खिडकीतून डोकं काढून उत्तर दिलं असतं. आज हात दाखवून एकेकाला पुढे जाऊ दिलं. वर पोचल्यावर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"आता मेकॅनिकला बोलवायचं. मी पुढे नेणार नाही."

"शाबास! पास!" बाई म्हणाल्या.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, माझ्याही आलं. तेवढ्यात बाईंना ते सफरचंदाचं स्टिकर दिसलं. त्यांनी ते नखाने सोललं, किल्ली जराशी फिरवली, आणि दिव्याने आठवडाभराचे डोळे एकदम वटारले.

"हे कोणी लावलं?"

मी तोंड न उघडण्याची अट काटेकोर पाळली. धाकटीला कसलीच अट नव्हती.

"दादाने!"

"तुमचं लायसन्स बघू जरा," बाई म्हणाल्या.

गुरुवारी माझी फेरपरीक्षा आहे. धाकटी मागे बसणार आहे, मला धीर द्यायला. "तिलाही तोंड बंद ठेवायची अट घालाल ना?" असं मी बाईंना विचारून पाहिलं.

"छे! तिला कशाला? तिला बोलू दे की!"