निवृत्तांचे अपेक्षित दुःख

मी, रवींद्र, राहणार इंद्रपुरी, भोपाळ, याद्वारे नमूद करतो की कारखान्यातून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली आणि मी मजेत आहे. या विधानामुळे एका मुलीचं आयुष्य अडेल याची मला कल्पना नव्हती.

माझी भाची केतकी विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात पीएचडी करत होती. विषय, निवृत्त कामगारांमधली उदासीनता. याच विषयावर विभागात आधीच नऊ डॉक्टरेट झालेल्या, आणि नऊही जणांना अठ्ठ्याहत्तर टक्के निवृत्त उदास सापडलेले. केतकी मात्र वेडी पोरगी. दोन उन्हाळे स्कूटीवरून इंद्रपुरी-अवधपुरी पालथी घालून तिने तीनशे निवृत्तांकडून प्रश्नावली भरून घेतली. मीही भरली. 'सकाळी उठावेसे वाटते का?' वाटतं, साडेपाचला, पोहे-जलेबीसाठी. 'आपण निरुपयोगी आहोत असे वाटते का?' मला नाही, बायकोला वाटतं.

निकाल लागला. उदास, फक्त अकरा टक्के.

तिच्या मार्गदर्शक मंदाकिनी मॅडमनी आकडा पाहिला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"ही माणसं तू आणलीस कुठून?"

"त्यांच्या घरी गेले होते, मॅडम."

"तिथेच चुकलीस."

मग मॅडमनी तिला विभागाची रीत समजावली. घरोघर कुणी हिंडत नाही. पोरं कँटीनमध्ये बसून एकमेकांच्या प्रश्नावल्या भरतात; तू माझे पन्नास निवृत्त भर, मी तुझ्या पन्नास नववधू भरतो. म्हणजे आजवर इंद्रपुरीचं म्हातारपण सव्वीस-सव्वीस वर्षांच्या पोरांनी भोगलं होतं. उदासी मात्र अस्सल होती हो. चार-चार वर्षं मार्गदर्शकाची सही मिळाली नव्हती बिचाऱ्यांना.

संशोधन समिती बसली. नऊ प्रबंध चुकीचे असू शकत नाहीत, कारण ते मान्य झालेले आहेत. माणसं मान्य झालेली नाहीत. सबब दोष माणसांत आहे, असा ठराव झाला. मला शिक्क्याचं पत्र आलं : 'आपले समाधान अपेक्षित मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने फेरतपासणीस सहकार्य करावे.' आकडा सुधारेपर्यंत केतकीचा प्रबंध घेणार नव्हते, आणि तिची नोंदणी एकतीस मार्चला संपत होती. पाच वर्षं पाण्यात.

पोरगी घरी आली. चहाला हात लावला नाही.

"मामा, माझ्यासाठी थोडे उदास व्हाल?"

"किती?"

"सरासरीइतके. आणि तुमच्या मित्रांनाही सांगा ना."

तिचा उतरलेला चेहरा बघून मला खरंच भडभडून आलं. पण त्या उदासीला प्रश्नावलीत रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी बगीच्यात पत्त्यांच्या डावावर मी विषय काढला. माझा भिडू सुरेश म्हणाला, "भाऊ, बच्ची का मामला है. बताओ, कहाँ कहाँ रोना है?" त्याने गल्लीगल्लीत निरोप धाडले. चार सकाळी समोसे खात आम्ही दोनशे एक जण उदास झालो. आधीचे तेहतीस धरून टक्केवारी बरोब्बर अठ्ठ्याहत्तर भरली.

केतकी डॉक्टर झाली. विभागाच्या 'संशोधन उपलब्धी' फलकावर तिचा फोटो लागला, खाली लिहिलं होतं, 'सलग दहाव्या अभ्यासात निष्कर्षाला पुष्टी'. वर्तमानपत्रातही आलं. माझ्या बायकोने, शकुंतलेने, ती बातमी दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"अहो, छत्तीस वर्षांचा संसार. मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"अगं, मी मजेत आहे."

"सगळे असंच म्हणतात. तेही दिलंय बातमीत."

मुलाने, संकेतने, पुण्याहून फोन करून समुपदेशकाची वेळ ठरवली. पत्ते बंद झाले. ते म्हणे वास्तवापासूनचं पलायन. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण सांगितलं तर केतकीची पदवी जाईल. गप्प बसलो. समुपदेशकाने ते गप्प बसणं टिपून घेतलं. लक्षण म्हणून.

तुम्ही हसताय. हसा. तुमच्याही नात्यात एखादा डॉक्टरेटवाला असेलच. त्याने फॉर्म पुढे केला तेव्हा तुम्ही प्रश्न वाचले होते, की पोराचं तोंड बघून खुणा केल्या होत्या?